कढईतला शनी

त्या रात्री रेश्माला झोप आली नाही. कारण तसं किरकोळ होतं. दुपारी शाळेच्या फाटकाशी मोनिका मॅडम तिला अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "पार्थ फार शांत मुलगा आहे हां."

पार्थ आणि शांत. घरी हा पोरगा डोळे उघडल्यापासून जो सुरू व्हायचा, तो झोपेतसुद्धा म्हशींना हाका मारायचा. रस्त्यानं जाणारा ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा, कोणाचा आणि त्याचा ड्रायव्हर काल का पडला, हे तो अंगणात उभा राहून जगाला सांगायचा. त्याच्या आजी चांगुणाबाई अभिमानानं म्हणायच्या की याच्या तोंडाला सुट्टीच नाही. आणि मॅडमचं म्हणणं असं की जूनपासून त्यानं वर्गात तोंडच उघडलेलं नाही. पाणी हवं असेल तर बाटलीकडं बोट दाखवतो. शू लागली तर दाराकडं. राइम्सच्या वेळी ओठ घट्ट मिटून बसतो, टाळ्या मात्र बरोबर तालात वाजवतो. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा असते, तेव्हाही असाच बसला तर त्याला पुन्हा ज्युनिअर केजीतच ठेवावं लागेल, आणि जमलं तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, असं मॅडमनी सुचवलं. तेही गोड आवाजातच.

अंथरुणावर पडल्या पडल्या रेश्माला पार्थ तिशीतला दिसला. मुलगी बघायला गेलाय. मुलीचे वडील विचारतायत, काय करता आपण? आणि पार्थ पोह्यांच्या बशीकडं बोट दाखवतोय. शेजारी तिचा नवरा वाल्मिक घोरत होता. (त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं, आणि काळजी ही गोष्टसुद्धा ठिबकनं, मुळाशी थेंब थेंब द्यावी, असं त्याचं मत होतं. रेश्माचं सगळं पाटानं सोडलेलं.)

सकाळी उठल्या उठल्या तिनं तपास हाती घेतला. पार्थला मांडीवर घेतलं, मोबाईलवर वाचलं होतं तसा आवाज मऊ केला आणि विचारलं, "मॅडम मारतात का रे तुला?"

"न्हाई."

"नाही म्हण."

"न्हाई."

"नाही. जीभ अशी वर न्यायची. ना-ही. बरं, कुणी मुलगा त्रास देतो का?"

"न्हाई."

इथं तपासाची गाडी रुळावरून घसरली आणि उच्चारांच्या शेतात जाऊन उभी राहिली. रेश्मा श्रीरामपूरची. बी.एस्सी., केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. लग्न होऊन सोनईला आली तरी आपली भाषा आपण जशीच्या तशी ठेवली आहे, असा तिचा स्वतःबद्दल समज होता. (वाल्मिकचा नव्हता, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.) दुपारभर ती दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची, आणि तेवढ्या वेळात पार्थ आजीबरोबर गोठ्यात राहून रोज नवे शब्द घेऊन यायचा. ते शब्द काढून टाकणं हे रेश्माचं संध्याकाळचं काम होतं, डोक्यातल्या उवा काढाव्यात तसं.

चांगुणाबाई धारा काढून आल्या. सगळं ऐकून घेतलं, दुधाची किटली खाली ठेवली आणि एका वाक्यात निकाल दिला, "त्याला साडेसाती लागली."

रेश्मा हसली. विज्ञान शिकलेल्या माणसानं हसावं तसं, नाकातून.

तिला या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. शनी नावाचा तो एवढा मोठा वायूचा गोळा, आजूबाजूला कडी घालून फिरतोय बिचारा, त्याला काय पडलंय सोनईच्या एका पोराचं. एवढी भ्रष्ट माणसं मोकळी फिरत असताना त्यानं ज्युनिअर केजीतल्या लेकराचं तोंड धरून बसावं, म्हणजे त्याच्या न्यायबुद्धीविषयी शंका घ्यावी लागेल. आणि समजा पडलं असेल, तर निदान शेजारधर्म? कुठून कुठून गाड्या भरून लोक शेजारच्या गावातल्या शनीच्या दर्शनाला यायचे ते यांच्या घरावरून. त्यांना रस्ता दाखवून दाखवून चांगुणाबाईंचा हात दुखायचा. त्या घरातलंच पोरगं त्याला सापडावं?

शिवाय ती पत्रिका. पार्थचा जन्म सिझेरियनचा. डॉक्टरांनी आधी डबा खाऊ की आधी बाळ काढू असा विचार केला आणि डबा खाल्ला, हे रेश्मानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे ज्या घडीवर या मुलाचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, ती घडी मेथीच्या भाजीनं ठरवली होती. हे सगळं तिनं सासूला ठणकावून सांगितलं.

(आणि मग न्हाणीघरात जाऊन, दाराला कडी लावून, मोबाईलमध्ये राशीभविष्याचं ॲप उतरवलं. पार्थच्या मेष राशीसाठी लिहिलं होतं, बोलताना जपून राहा. तिनं ते दोनदा वाचलं. मग इतर राशींचंही वाचलं. कन्येलाही जपूनच बोलायचं होतं, आणि मकरेलाही. तरी तिनं ॲप काढून टाकलं नाही.)

चांगुणाबाई मात्र सरळ अजिनाथ भाऊसाहेबांना घेऊन आल्या. भाऊसाहेब साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होते. आयुष्यभर उसाच्या गाड्या तोलल्या, निवृत्त झाल्यावर ग्रह तोलायला घेतले. अंगात सफारी, खिशात दोन पेनं आणि हातात मोबाईल, ज्यात पत्रिका मांडायचं ॲप. ॲप फुकटातलं असल्यामुळं दर भावाच्या आधी कंबरदुखीच्या तेलाची जाहिरात लागायची, आणि ती संपेपर्यंत भाऊसाहेब डोळे मिटून ध्यानस्थ बसायचे. पैशाला ते कधी हात लावत नसत. फराळाला लावत.

"हे बघा," जाहिरात संपल्यावर ते म्हणाले, "चंद्र म्हंजी रिकामी गाडी. भुर्रकन जाती. शनी म्हंजी लोड गाडी. एका राशीतनं बाहेर निघायला अडीच वर्सं. आता ही गाडी मीनेत शिरलीय आन म्होरं पोराची मेष. म्हंजी साडेसातीचं पहिलं अडीचकं. गाडी अंगावर आली न्हाई अजून, पर हॉर्न वाजतोय."

"पण तो शाळेतच बोलत नाही," रेश्मा म्हणाली. "घरी तर थांबत नाही. शनीला शाळेची वेळ कशी कळते?"

भाऊसाहेबांनी तिच्याकडं न बघता चांगुणाबाईंना सांगितलं की मीनेतून शनीची तिसरी दृष्टी नेमकी वाणीस्थानावर पडते, आणि शिकलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, तो त्याचा दोष नव्हे. मग उपाय सांगितला. छायादान. शनिवारी लोखंडाच्या भांड्यात तिळाचं तेल घ्यायचं, वर चिमूटभर काळे तीळ. पोरानं त्यात स्वतःचं तोंड बघायचं. म्हणजे पोराच्या मागची पीडा त्या छायेबरोबर तेलात उतरते. दिवस मावळताना ते तेल देवळात वाहायचं.

"पर एक लक्षात ठिवा," भाऊसाहेबांनी पेन वर केलं. "त्या तेलाशी तवर दुसऱ्या कुणाचा संबंध येता कामा न्हाई. मांजरानंबी चाटता कामा न्हाई. जो ते तेल घेईल, शनी त्याच्या वाट्याला."

रेश्मानं जाहीर केलं की तुम्हाला करायचं ते करा, मला यात ओढू नका. आणि शनिवारी सकाळी, तत्त्वाचा प्रश्न म्हणून, ती शिकवणीचा जादा तास घ्यायला गल्लीच्या टोकाला निघून गेली. जाताना उंबऱ्यात थांबून मात्र तिनं पार्थला हळूच सांगितलं, आजी सांगेल तेव्हा नीट बघ हं तेलात. (तत्त्व तत्त्वाच्या जागी. पोरगं एकच होतं.)

आता घरात लोखंडाचं भांडं एकच उरलेलं होतं. याचंही श्रेय रेश्माचं. नॉनस्टिकच्या नादात तिनं सासूची तवे, पळ्या, कढया ही सगळी पिढीजात मालमत्ता भंगारवाल्याला घातली होती. पुढं नॉनस्टिकनं काय काय होतं ते वाचून तिची झोप उडाली, तेव्हा स्वतःच बाजारातून एक लोखंडी कढई आणली. तीच चांगुणाबाईंनी घेतली. तेल ओतलं, तीळ टाकले, पार्थला ओट्यावर बसवलं. पार्थनं मनापासून तोंड बघितलं, जीभ काढून बघितली, दात मोजले. चांगुणाबाईंनी वर ताटली झाकली, कढई ओट्याच्या कोपऱ्यात सरकवली आणि वैरणीला गेल्या.

दुपारी रेश्मा परतली तोच वाल्मिकचा फोन. भाऊसाहेब दुकानात आलेत, चहाला घरी घेऊन येतोय, जरा भजी टाक.

रेश्मा चडफडली. अंधश्रद्धेला विरोध एक वेळ करता येतो, पण तिला भजी तळून घालावी लागणं फार वाईट. तरी तिनं कांदा चिरला, बेसन कालवलं आणि तेलासाठी वळली, तर कोपऱ्यात कढई. झाकण काढलं. आत तेल तयार. ती क्षणभर हेलावली. पाहुणे येणार म्हणून सासूनं आधीच तेल काढून ठेवलं होतं, आणि तेही साधं नव्हे. वास वेगळा, रंग गडद. गेले कित्येक महिने ती या घरात लाकडी घाण्याच्या तेलाचं महत्त्व सांगत होती. रिफाइंड विष आहे, असं जेवताना सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत सांगायची. शेवटी ऐकलं म्हणायचं. वर काळे काळे कण तरंगत होते. न गाळलेलं, म्हणजे अस्सल. (कॉलेजात तिनं न हुंगता द्रव ओळखायची प्रॅक्टिकलं केली होती. पूर्ण मार्क.)

गॅस पेटवला. तेवढ्यात पार्थ आला, ओट्याच्या कडेला हनुवटी टेकवून कढईकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मम्मी, त्यात मी हाय."

"आहे म्हण," रेश्मा म्हणाली, आणि त्याला ओट्यापासून लांब सारलं.

पार्थनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग नुसतं कढईकडं बोट दाखवलं. रेश्माला वाटलं, भजी मागतोय. पहिला घाणा त्यालाच दिला.

भजी, खरं सांगायचं तर, उत्तम झाली. भाऊसाहेबांनी पहिली बशी कौतुक करत संपवली आणि दुसरी न बोलता. वाल्मिक म्हणाला, आज काहीतरी वेगळंच लागतंय. रेश्मानं घाण्याच्या तेलावर एक छोटं भाषण दिलं आणि स्वतःही चार खाल्ली. पार्थ जमिनीवर बसून आपल्या वाट्याची मन लावून खात होता. भाऊसाहेब सांगत होते की छाया उतरली की पोराला दोन दिवसांत फरक पडतो, एकाला तर दुसऱ्याच दिवशी वाचा फुटून तो थेट तलाठ्याशी भांडला होता.

चांगुणाबाई वैरण टाकून आल्या. शनिवारचा उपास असल्यानं त्या भज्यांकडं न बघता आत गेल्या. आतून आवाज आला, "रेश्मा, कढईतलं तेल कुठंय गं?"

"उरलंय थोडं, आई. गाळून ठेवते."

आत ताटली उचलल्याचा आवाज. मग चांगुणाबाई दारात आल्या. हातात रिकामी ताटली.

"गाळून?"

"भज्यांचं तेल," रेश्मा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला काळे तीळ आठवले. मग वास आठवला. मग ओट्याला टेकलेली हनुवटी.

"तेच तेल हुतं गं बाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "पोराचं."

भाऊसाहेबांच्या हातातलं भजं तोंडापासून चार बोटांवर थांबलं. ते त्यांनी बशीत ठेवलं. मग बशी जमिनीवर ठेवली. मग पायानं थोडी लांब सारली. वाल्मिकचं आधी काही लक्षात आलं नाही, मग आलं, आणि तो उठून खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"म्हंजी आता," चांगुणाबाई हिशेब मांडत म्हणाल्या, "जो ते तेल घेईल, त्याला. भाऊसाहेब, तुमीच म्हनले हुते. मांजराचंबी सांगितलं हुतं."

भाऊसाहेबांनी सफारीचं वरचं बटण काढलं. मग ते म्हणाले की शास्त्रात अग्नीला महत्त्व आहे. तेल तापलं की दोष जळतो.

"मंग आधीच तळायचं हुतं की," चांगुणाबाई म्हणाल्या. "देवळापतूर हेलपाटा कशाला सांगितला?"

यावर भाऊसाहेबांनी बेसनाचा मुद्दा काढला. बेसन हरभऱ्याचं, हरभरा गुरूचा, आणि गुरू शनीला आवरतो. पण बोलता बोलता त्यांचा हात मोबाईलकडं गेला, आणि जगाच्या पत्रिका बघणाऱ्या या माणसानं घाईघाईनं स्वतःची उघडली. कंबरदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. या वेळी ते ध्यानस्थ बसले नाहीत, तेल दिसताच त्यांनी मोबाईल उलटा केला.

रेश्माला आयुष्यात इतका आनंद क्वचित झाला होता. बारा भाव, नऊ ग्रह आणि एक वजनकाटा तिनं कांद्याच्या भज्यांनी आडवा केला होता, आणि तेही मनात नसताना. ती पदर सावरून नीट बसली आणि तिनं अत्यंत आदरानं विचारलं की भाऊसाहेब, आता शाळेच्या वेळेत आपलीही वाचा बंद होणार का.

(आणि त्याच वेळी ती मनात मोजत होती, पार्थनं किती खाल्ली. स्वतःचीच पीडा स्वतः खाल्ली तर ती जागेवर राहते की दुप्पट होते? ॲपमध्ये हे असेल का?)

भाऊसाहेबांना आता तिथून विषय हलवायचा होता. इकडं बघितलं तर चांगुणाबाई, तिकडं रेश्मा. शेवटी त्यांना पार्थ सापडला. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून, जे इतक्या दिवसांत त्या घरात कुणीच केलं नव्हतं ते केलं. सरळ विचारलं.

"का रं बाळा, शाळंत का बोलत न्हाईस तू?"

पार्थनं आधी रेश्माकडं बघितलं. परवानगी मागावी तसं. मग हातातलं भजं संपवलं, बोटं चड्डीला पुसली आणि म्हणाला, "मम्मी म्हनली, शाळंत आजीवानी बोलायचं न्हाई."

मग त्यानं एकदा आजीकडं बघितलं.

"आन मला दुसरं येत न्हाई," पार्थ म्हणाला.

रेश्माला जून महिन्यातलं शाळेचं फाटक दिसलं. नवा गणवेश, पाण्याची बाटली, आणि पार्थचं तोंड ओल्या रुमालानं पुसत पुसत तिनं दिलेल्या सूचना. डबा संपव, चप्पल विसरू नको, आणि हे बघ, इथं ते हाय-न्हाई, आजीसारखं काही बोलायचं नाही हं. एवढंच. ती विसरूनही गेली होती. पोरगा विसरला नव्हता. तो जूनपासून तिचं ऐकत होता, या घरात तिचं एवढं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

चांगुणाबाईंनी ताटली हळूच ओट्यावर ठेवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "आमचं बोलनं एवढं वंगाळ हाय व्हय गं?"

खिडकीशी वाल्मिकचे खांदे हलायचे थांबले. भाऊसाहेबांनी सुटकेचा एक लांब श्वास घेतला आणि बशी पुन्हा जवळ ओढली. शनी निर्दोष सुटला होता.

रेश्माला बोलायचं होतं. तिच्याकडं वाक्य तयार होतं, व्यवस्थित, छापील, की माझा तसा उद्देश नव्हता, आई, मुलांच्या भाषिक विकासाच्या दृष्टीनं मी केवळ. पण सासूचा चेहरा बघितला आणि ते वाक्य कुठं गेलं कोण जाणे. आणि जे बाहेर पडलं ते भलतंच होतं.

"आवो आई, न्हाई वो," रेश्मा म्हणाली, "म्या तसं कवा म्हनले? म्या आपलं लेकराच्या भल्यासाठी..."

वाल्मिक गर्रकन वळला. भाऊसाहेब खाता खाता थांबले. चांगुणाबाई सुनेकडं बघतच राहिल्या.

पण सगळ्यांत जास्त घाबरला तो पार्थ. तो पळत आला, तेलकट हात त्यानं रेश्माच्या तोंडावर दाबला आणि दाराकडं बघत, मोनिका मॅडम बाहेरच उभ्या असल्यासारखा, तिच्या कानात म्हणाला, "मम्मी, आजीवानी बोलायचं न्हाई. नुसतं बोट दाखवायचं."